वाचक विचारतात: प्राण्यांवरच्या प्रयोगांना विरोध कुणी केला आणि का?

प्राण्यांवरच्या वैद्यकीय प्रयोगांना झालेल्या विरोधाबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा रोख ब्रिटनकडे आहे. ते साहजिकच, कारण या विषयावरचा जगातला पहिला कायदा तिथे झाला.

प्रश्न: क्लोरोफॉर्म १८४७ मध्येच आला होता. म्हणजे वेदनेचा प्रश्न सुटला. मग विरोधाची लाट १८७० नंतर का उसळली? उलट व्हायला हवं होतं.

भुलीचं औषध सापडलं म्हणून ते प्रयोगशाळेत वापरलं गेलंच, असं नाही. क्लोरोफॉर्मची मात्रा थोडी जास्त झाली की कुत्र्याचं हृदय बंद पडतं, थोडी कमी झाली की तो शुद्धीवर येतो. तासन्‌तास चालणाऱ्या प्रयोगात केवळ भुलीवर नजर ठेवायला एक माणूस लागायचा. शिवाय भुलीने रक्तदाब, श्वास आणि प्रतिक्षिप्त क्रिया बदलतात, आणि अनेकदा प्रयोग करणाऱ्याला मोजायच्या असायच्या नेमक्या त्याच गोष्टी.

त्यात भर पडली क्युरारेची. दक्षिण अमेरिकेतलं हे बाणांना लावायचं विष. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार या शरीरक्रियातज्ज्ञाने दाखवून दिलं की ते मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा हुकूम अडवतं. प्राणी हलू शकत नाही, ओरडू शकत नाही, त्याचा श्वासही थांबतो, म्हणून श्वासनलिकेत नळी घालून भात्याने हवा भरत राहावी लागते. संवेदना मात्र शाबूत राहते. पाहणाऱ्याला टेबलावर शांत पडलेला कुत्रा दिसतो. ‘प्राणी तडफडत नव्हता’ ही साक्ष त्या दिवसापासून कुचकामी ठरली. आमच्या मते या साऱ्या वादाची नाडी इथेच सापडते. प्रयोगशाळेच्या दाराआड काय चाललंय हे नुसत्या डोळ्यांनी कळेनासं झालं, म्हणजे आतल्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवणं आलं. आणि तो विश्वास ठेवायला बरेच लोक तयार नव्हते.

दुसरं कारण अगदी साधं आहे. १८७० पर्यंत ब्रिटनमध्ये असे प्रयोग फारसे होतच नव्हते. तो फ्रेंच आणि जर्मन प्रकार समजला जायचा. मग लंडन-केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राचं प्रात्यक्षिक शिक्षण सुरू झालं. १८७३ मध्ये शरीरक्रियातज्ज्ञ बर्डन सँडरसन यांच्या संपादनाखाली प्रयोगशाळेसाठी एक मार्गदर्शक पुस्तक निघालं. ते नवशिक्यांसाठी असल्याचं त्यात म्हटलं होतं, पण भूल कधी आणि कशी द्यायची याबद्दल जवळपास काहीच नव्हतं. लेखकांनी नंतर खुलासा केला की ते गृहीतच धरलं होतं. पुढच्याच वर्षी नॉर्विचला डॉक्टरांच्या परिषदेत माग्नान या फ्रेंच डॉक्टरांनी दोन कुत्र्यांच्या शिरेत मद्यार्क आणि अ‍ॅबसिंथ ही कडक दारू टोचून दाखवलं. सभेतच आक्षेप घेणारे डॉक्टर निघाले, प्राणिदया संस्थेने खटला भरला. माग्नान मायदेशी निघून गेले होते आणि यजमान डॉक्टरांचा प्रत्यक्ष हात सिद्ध झाला नाही, त्यामुळे खटला फसला. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा जुना कायदा अशा प्रसंगी उपयोगाचा नाही, हे मात्र सगळ्यांना कळून चुकलं.

फेब्रुवारी १८७५ मध्ये जॉर्ज होगन या डॉक्टरांचं पत्र ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये आलं. त्यांनी चार महिने एका नामांकित शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं. रोज एक ते तीन कुत्रे, शिवाय ससे, आणि त्यातले बहुतेक प्रयोग अनावश्यक, असं त्यांचं म्हणणं. शास्त्रज्ञाचं नाव पत्रात नव्हतं, पण ते बर्नार होते. त्याच वर्षी या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे इमॅन्युएल क्लाइन या प्रयोगकर्त्याने स्वच्छ सांगून टाकलं की प्राण्याच्या यातनेचा विचार आपण करत नाही, भूल देतो ती स्वतःच्या सोयीसाठी. विरोधकांना यापेक्षा बळकट साक्षीदार शोधून सापडला नसता.

प्रश्न: १८७० पूर्वी कुणीच काही बोललं नव्हतं का?

बोलले होते, पण एकेकटे. लेखक सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५८ मध्ये कुत्र्यांना टेबलाला खिळणाऱ्या डॉक्टरांवर झोड उठवली. तत्त्वज्ञ बेंथम यांनी १७८९ मध्ये प्रश्नच फिरवला: त्यांना विचार करता येतो का, बोलता येतं का हे सोडा, त्यांना यातना होतात का ते सांगा. १८२४ मध्ये माझाँदी या फ्रेंच शरीरक्रियातज्ज्ञाने लंडनमध्ये प्रात्यक्षिकं केली आणि १८२५ मध्ये खासदार रिचर्ड मार्टिन यांनी त्यातला कुत्र्याचा प्रसंग संसदेत सांगितला. मार्टिन यांचाच १८२२ चा कायदा घोडे, गुरं, मेंढ्या यांच्यापुरता होता, कुत्रा त्यात नव्हताच. १८३१ मध्ये मार्शल हॉल या शरीरक्रियातज्ज्ञाने स्वतःहून नियम सुचवले: निरीक्षणाने भागत असेल तर प्रयोग नको, झालेला प्रयोग पुन्हा नको, यातना कमीत कमी असाव्यात. त्यांच्या व्यवसायबंधूंनी ते फारसे मनावर घेतले नाहीत.

प्रश्न: जुने सरकारी अहवाल वाचताना ‘दाखला ए’, ‘दाखला बी’ असे उल्लेख येतात. १८७६ च्या कायद्यात नेमकं काय होतं?

कायद्याची रचना अशी: मुळात सगळ्याला बंदी, मग परवाना, मग परवान्यातून सूट देणारे दाखले.

परवाना गृहमंत्री देणार. अर्जावर ठरावीक विद्वत्संस्थांपैकी एकीच्या अध्यक्षांची आणि वैद्यकाच्या एका प्राध्यापकाची सही हवी. नुसता परवाना असेल तर प्राण्याला पूर्ण भूल द्यायची आणि शुद्धीवर येण्याआधी मारायचं. यापलीकडे काही करायचं तर वेगळा दाखला लागायचा. ‘ए’ म्हणजे भूल न देता प्रयोग. ‘बी’ म्हणजे भुलीतून शुद्धीवर येऊ द्यायची मुभा. ‘सी’ व्याख्यानातल्या प्रात्यक्षिकासाठी. ‘डी’ आधी लागलेला शोध पडताळून पाहण्यासाठी. कुत्रा-मांजरांवर भूल न देता प्रयोग असेल तर ‘ई’, आणि त्यांना शुद्धीवर येऊ द्यायचं तर ‘ईई’. घोडा, गाढव, खेचर यांच्यासाठी ‘एफ’. पैसे घेऊन किंवा फुकट, सर्वसामान्य लोकांपुढे प्रयोग दाखवायला पूर्ण बंदी. कायदा फक्त पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना लागू, त्यामुळे बेडूक आत, खेकडा बाहेर. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम: क्युरारे ही भूल मानली जाणार नाही.

पहिल्या गुन्ह्याला ५० पौंडांपर्यंत दंड, दुसऱ्याला १०० पौंडांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. पण मेख पुढे आहे. परवानाधारकावर खटला भरायला गृहमंत्र्यांची लेखी संमती लागायची. म्हणजे ज्याने परवाना दिला, त्याच्याच हातात खटल्याची किल्ली. १८८२ मध्ये संशोधनाच्या बाजूच्या डॉक्टरांनी संघटना काढली आणि गृहखातं अर्ज अभिप्रायासाठी त्याच संघटनेकडे पाठवू लागलं. विरोधकांना हा कायदा प्राण्यांपेक्षा प्रयोगकर्त्यांना संरक्षण देणारा वाटला, तो काही उगाच नव्हे. उलट शास्त्रज्ञांना तो अपमान वाटला, गुन्हेगार समजून आपल्यावर नजर ठेवली जातेय असा. दोघेही नाराज असलेला हा कायदा ११० वर्षं टिकला. १९८६ मध्ये त्याच्या जागी नवा आला.

प्रश्न: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पत्रकात म्हटलंय की ब्रिटनमधले बहुसंख्य प्रयोग भूल न देता होत. हे खरं का?

आकडा खरा, चित्र खोटं. ‘ए’ दाखल्याखाली मोडणारे प्रयोग खरोखरच प्रचंड बहुसंख्य होते. पण त्यात चिरफाड जवळजवळ नसायचीच. ती बहुतेक सुईने टोचणं, लस देणं किंवा खाण्यातून काही देणं अशी कामं असत. सुई टोचण्यासाठी भूल कोण देणार? मग कागदोपत्री ती ‘भुलीविना’ मोजली जात.

ही संख्या फुगली ती १८९० च्या दशकात घटसर्पाची (डिप्थीरियाची) प्रतिविषलस, म्हणजे रोगाचं विष निष्प्रभ करणारं औषध, आल्यावर. लस घोड्याच्या रक्तातून काढायची आणि तिची ताकद गिनीपिगवर मोजायची. २५० ग्रॅमच्या गिनीपिगला चार दिवसांत मारणारं विष म्हणजे एक मात्रा. मग अशा किती मात्रा ती लस निष्प्रभ करते ते पाहायचं. प्रत्येक नव्या साठ्यासाठी हे पुन्हा. इकडे शास्त्रज्ञ ‘सुई टोचण्यात कसली यातना’ म्हणत, तेही अर्धसत्यच. सुई क्षणाची खरी, पण त्यातून गेलेलं विष किंवा जंतू पुढचे कित्येक दिवस काम करत, आणि ते दिवस कुठल्याच रकान्यात येत नसत.

असे अहवाल वाचणाऱ्यांनी आधी दाखल्यांची विभागणी पाहावी आणि मगच बेरीज. एकूण आकडा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या डोक्यात घातलाय.

प्रश्न: लंडनमध्ये कुत्र्याच्या पुतळ्यावरून दंगल झाली होती म्हणे. एका कुत्र्यासाठी दंगल?

दंगल कुत्र्यासाठी नव्हती, त्याच्या विरोधात होती. रस्त्यावर उतरले ते वैद्यकीय विद्यार्थी.

डिसेंबर १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीरक्रियातज्ज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एका तपकिरी टेरिअरवर स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया केली आणि त्याला पिंजऱ्यात ठेवलं. २ फेब्रुवारी १९०३ ला त्याचं पोट पुन्हा उघडून परिणाम तपासला आणि कुत्रा त्यांचे सहकारी विल्यम बेलिस यांच्याकडे सोपवला. बेलिस यांनी सुमारे ६० विद्यार्थ्यांसमोर त्याची मान उघडली. लाळेचा दाब रक्तदाबावर अवलंबून नसतो, हे लाळग्रंथींच्या मज्जातंतूंना विजेचे झटके देऊन दाखवायचं होतं. अर्धा तास खटपट करूनही प्रयोग साधला नाही. शेवटी हेन्री डेल या विद्यार्थ्याने स्वादुपिंड काढून घेतलं आणि कुत्र्याला मारलं. याच डेल यांना पुढे नोबेल मिळालं.

प्रेक्षकांत लिझी लिंड आफ हागेबी आणि लाइसा शार्टाऊ या दोन स्वीडिश तरुणी होत्या. त्या शिकत होत्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात. तिथे असे प्रयोग होत नसत, पण विद्यार्थिनींना दुसऱ्या महाविद्यालयांतली प्रात्यक्षिकं पाहता येत. प्रयोग पाहून टिपून ठेवायचे, याच हेतूने त्यांनी नाव घातलं होतं. कुत्रा धडपडत होता, भुलीचा वास येत नव्हता, पोटावर जुनी जखम होती, हे त्यांच्या वहीत होतं. वही गेली स्टीफन कोलरिज यांच्याकडे. ते विरोधकांच्या राष्ट्रीय संस्थेचे सचिव आणि वकील. खटल्याला गृहमंत्र्यांची संमती मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून १ मे रोजी त्यांनी भर सभेत आरोप केला. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि जिंकला: २,००० पौंड भरपाई, ३,००० पौंड खर्च.

१९०६ मध्ये बॅटरसी या कामगार भागात पुतळा उभा राहिला. खाली पाणपोई, वर काशाचा कुत्रा. मजकुरात त्या कुत्र्याला युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठार केल्याचं लिहिलं होतं, आणि १९०२ मध्ये तिथे चिरफाड झालेल्या आणखी २३२ कुत्र्यांचा उल्लेख होता. कॉलेजचं नाव दगडात कोरलेलं, आणि कोर्टात तर आपण जिंकलो! विद्यार्थ्यांचं पित्त खवळलं. नोव्हेंबर १९०७ मध्ये काही जण हातोडा आणि पहार घेऊन पुतळा फोडायला गेले आणि पकडले गेले. १० डिसेंबरला शेकडो विद्यार्थी मध्य लंडनमध्ये उतरले, ट्रॅफल्गर चौकात पोलिसांशी झटापट झाली.

बॅटरसीतले कामगार पुतळ्याच्या बाजूने उभे राहिले, आणि त्यामागे निव्वळ भूतदया नव्हती. १८३२ च्या कायद्याने निराधारांच्या सरकारी आश्रयगृहांत (वर्कहाउस) मेलेल्या बेवारस गरिबांची प्रेतं विच्छेदनासाठी देता येत असत. धर्मादाय रुग्णालयात दाखल व्हायचं म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातात सापडायचं, ही भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. आज कुत्रा, उद्या आपण, हा हिशेब त्यांना कुणी शिकवावा लागला नाही. बॅटरसीत असं एक रुग्णालयही होतं, जिथे प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांना नेमणूक नव्हती.

पहारा ठेवायचा खर्च वाढत गेला, नगरपालिकेत सत्ता बदलली, आणि १० मार्च १९१० ला पहाटेच्या अंधारात चार कामगारांनी १२० पोलिसांच्या बंदोबस्तात पुतळा हलवला. नवा पुतळा १९८५ मध्ये बॅटरसी पार्कात बसवला गेला.

प्रश्न: म्हणजे त्या दोघी खोटं बोलल्या, असं कोर्टाने ठरवलं?

भुलीबाबत ज्यूरीने बेलिस यांचं म्हणणं मानलं. मॉर्फिन टोचलं होतं आणि मद्यार्क, क्लोरोफॉर्म, ईथर यांचं मिश्रण नळीने थेट श्वासनलिकेत सोडलं होतं, असं ते म्हणाले. नळी टेबलामागून येत असेल तर प्रेक्षकांत वास न येणं शक्य आहे. हालचाल भुलीतही होऊ शकते. पण दुसऱ्या मुद्द्यावर मुली बरोबर होत्या. एकाच कुत्र्यावर दोनदा प्रयोग झाला, हे स्टार्लिंग यांनी कोर्टात कबूल केलं. दुसरा कुत्रा वाचावा म्हणून तसं केलं, हा त्यांचा खुलासा. तेव्हा ‘विद्यार्थिनी खोट्या ठरल्या’ असं सरसकट म्हणू नये.

प्रश्न: या चळवळीत स्त्रिया इतक्या का? आणि लसीकरणाला विरोध करणारे हेच लोक होते का?

बरेचसे तेच. धागा समान होता: डॉक्टर आणि सरकार मिळून माझ्या शरीराचं काय करणार, हे मी ठरवणार. १८५३ पासून देवीची लस सक्तीची झाली आणि न टोचणाऱ्या गरिबांना दंड होऊ लागले. १८६४ पासूनच्या संसर्गजन्य रोग कायद्यांनी बंदरांच्या आणि छावण्यांच्या गावांत वेश्या असल्याच्या नुसत्या संशयावरून बायकांची सक्तीने तपासणी करता येऊ लागली. तपासणारे सगळे पुरुष. टेबलाला बांधलेल्या प्राण्यात स्वतःला पाहायला यापेक्षा वेगळं कारण लागत नव्हतं. चळवळीच्या म्होरक्या फ्रान्सेस पॉवर कॉब याच नवऱ्यांच्या मारहाणीविरुद्ध लिहीत होत्या. १८७८ मध्ये मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून वेगळं राहण्याचा कायदा झाला, त्यात त्यांच्या लेखनाचा वाटा मोठा.

तरी सगळ्या स्त्रिया एका बाजूला नव्हत्या. वैद्यकात पाय रोवणाऱ्यांपैकी एलिझाबेथ ब्लॅकवेल विरोधात, तर एलिझाबेथ गॅरेट अँडरसन प्रयोगांच्या बाजूने. पुतळ्यावरून चिडलेल्या विद्यार्थ्यांनी स्त्रियांच्या मताधिकाराच्या सभाही उधळल्या. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

प्रश्न: इतकी जोरदार चळवळ मग थंडावली कशाने?

घटसर्पाने. १८९४ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयातून आकडे आले: लस दिलेल्या मुलांतले मृत्यू सुमारे निम्म्यावरून सुमारे पाव हिश्श्यावर. घशात पडदा धरून गुदमरणारं मूल ज्या घरात होतं, तिथे पत्रकं कोण वाचणार? १९२२ मध्ये इन्सुलिन आलं, तेही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. ‘प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कधीच काही निष्पन्न होत नाही’ हा दावा कॉब आणि मंडळींनी इतका ठासून केला होता की एका लशीनेही तो कोलमडला. नैतिक युक्तिवादाला निरुपयोगितेच्या युक्तिवादाशी बांधून ठेवणं, ही त्यांची मोठी चूक.

शिवाय घर फुटलं. १८९८ मध्ये कोलरिज यांनी टप्प्याटप्प्याने निर्बंध मागायचं ठरवलं. संपूर्ण बंदीपेक्षा कमी काही नको म्हणून कॉब यांनी वेगळी संस्था काढली. कुत्र्यांना तरी वगळा, असं सांगणारी विधेयकं पुढे वारंवार आली, एकही मंजूर झालं नाही.

प्रश्न: हिटलरने प्राण्यांवरचे प्रयोग बंद केले होते, हे खरं?

घोषणा खरी, बंदी टिकली नाही. ऑगस्ट १९३३ मध्ये नाझी नेते गोरिंग यांनी प्रशियात बंदी जाहीर केली. नोव्हेंबरच्या प्राणिरक्षण कायद्यात परवानगी घेऊन प्रयोग करायची सोय होती, आणि संशोधन चालूच राहिलं. प्रचारात या प्रयोगांना ‘ज्यू विज्ञान’ ठरवलं जात होतं. पुढे त्याच राजवटीने छळछावण्यांत माणसांवर प्रयोग केले. त्यावरच्या खटल्यातून १९४७ ची न्युरेम्बर्ग संहिता आली. तिच्या तिसऱ्या कलमात माणसावरच्या प्रयोगाला आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आधार असावा असं म्हटलं आहे. विरोधकांची वाट त्याने आणखी अवघड झाली.

प्रश्न: सौंदर्यप्रसाधनं आणि ससे यांचा वाद कधीचा? चाचणीत नेमकं काय करत?

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांच्या एका रंगाने बायकांचे डोळे गेले. १९३८ च्या कायद्याने प्रसाधनं सरकारी देखरेखीखाली आली आणि १९४४ मध्ये जॉन ड्रेझ व सहकाऱ्यांनी चाचणी बसवून दिली. पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिलिलिटर पदार्थ घालायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग १, २४, ४८, ७२ तासांनी आणि गरज पडल्यास २१ दिवसांपर्यंत लाली, सूज, बुबुळावरचा धुरकटपणा यांना गुण द्यायचे. डोळा चोळता येऊ नये म्हणून ससा मान अडकवणाऱ्या खोक्यात. अडचण गुणांत होती. लाली ‘थोडी’ की ‘मध्यम’, हे पाहणाऱ्यावर अवलंबून. १९७१ मध्ये एकच पदार्थ निरनिराळ्या प्रयोगशाळांत दिला, तर निकाल कुठल्या कुठे गेले.

प्राणिहक्क कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी नेमकी हीच फट हेरली. १९८० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात देऊन त्यांनी रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीला सवाल केला की सौंदर्यापायी किती ससे आंधळे करता. मागणी बंदीची नव्हती, पर्याय शोधायला पैसे द्या एवढीच होती. कंपनीने रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. कॉब यांना हे पटलं नसतं.

प्राणघातक मात्रेच्या चाचणीचंही तसंच. ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ती १९२७ मध्ये आणली ती इन्सुलिन, डिजिटॅलिस अशा औषधांच्या साठ्यांची ताकद मोजायला. एखादा प्राणी लगेच मरतो, एखादा तग धरतो, म्हणून निम्मे प्राणी मारणारी मात्रा काढायची, कारण आलेखाचा चढ तिथे सर्वांत तीव्र आणि मोजमाप सर्वांत भरवशाचं. मूळ हेतू रास्त होता. पुढे हीच पद्धत ज्या पदार्थांची नेमकी प्राणघातक मात्रा कुणालाच नको होती अशांनाही सरसकट लावली गेली, एकेका पदार्थासाठी ४० ते १०० प्राणी. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने ती मार्गदर्शिका २००२ च्या अखेरीस काढून टाकली. आता टप्प्याटप्प्याची पद्धत आहे: एका टप्प्यात तीन प्राणी, आणि निकाल पाहून मात्रा वाढवायची, कमी करायची की थांबायचं ते ठरवायचं. डोळ्यासाठी कत्तलखान्यातल्या गुरांची बुबुळं किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊती वापरतात. युरोपीय संघात प्राण्यांवर चाचणी केलेली प्रसाधनं विकायला २०१३ पासून बंदी आहे. रसायन प्रसाधनाखेरीज इतरत्रही वापरलं जात असेल, तर मात्र दुसऱ्या कायद्याखाली त्याच घटकाची चाचणी अजूनही मागितली जाऊ शकते.